परवाना हिरावून पोटगी मिळेल काय?

मुलाला जन्म देणाऱ्याने त्याच्या अन्नवस्त्राचा आणि शिक्षणाचा भार उचलला पाहिजे, या तत्त्वाविषयी कोणत्याही समाजात दुमत नाही. पतिपत्नी विभक्त झाली म्हणून पालकत्व संपत नाही. ज्याच्याकडे मुलाचा ताबा नाही त्यानेही आपल्या मिळकतीतून मुलाचा वाटा दिलाच पाहिजे. वाद सुरू होतो तो याच्या पुढच्या पायरीवर. न्यायालयाने ठरवून दिलेली रक्कम बापाने भरली नाही आणि महिन्यामागून महिने थकबाकी साचत गेली, तर शासनाने कोणते हत्यार उपसावे? कैद, जप्ती आणि पगारातून वजावट हे जुने उपाय सर्वांच्या परिचयाचे आहेत. अमेरिकेने गेल्या तीन दशकांत त्यांत आणखी एका उपायाची भर घातली. थकबाकीदाराचा मोटार चालविण्याचा परवानाच काढून घेणे, हा तो उपाय. या उपायाचा जाच ओळखून काही राज्यांनी त्याला एक सवलतही जोडली : असा पालक निदान कामावर जाऊ शकेल एवढ्यापुरता मर्यादित परवाना त्याला मिळावा.

वरवर पाहता ही दोन्ही कलमे मोटार वाहन खात्याच्या नियमावलीत कोठेतरी शोभावीत इतकी किरकोळ वाटतात. वस्तुतः त्यांत ऋणको आणि शासन यांच्या संबंधाचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. देणे वसूल करावयाचे ते देणेकऱ्याच्या कमाईतून. मग वसुलीसाठी त्याच्या कमाईचे साधनच काढून घेणे शहाणपणाचे काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील अनेक राज्यांनी उलट्या क्रमाने दिले. आधी परवाना काढून घ्यावयाचा आणि मग तो कामापुरता परत मिळावा म्हणून पालकाने अर्जविनंत्या करावयाच्या, असा हा क्रम आहे. मर्यादित परवान्याची कल्पना योग्य आहे. पण ती सवलत म्हणून मागाहून येते, हाच तिचा मूळ दोष होय.

वजावटीपासून परवान्यापर्यंत

या उपायाचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९७५ च्या जानेवारीत अध्यक्ष फोर्ड यांची स्वाक्षरी झालेल्या कायद्याने मुलांच्या पोटगीच्या वसुलीत संघराज्याचे शासन प्रथमच मोठ्या प्रमाणावर उतरले. त्यामागे केवळ मुलांविषयीचा कळवळा नव्हता. बाप पोटगी देत नाही म्हणून आईला सरकारी मदतीसाठी हात पसरावा लागतो, तेव्हा त्या मुलाचा भार करदात्याच्या अंगावर येतो. तो बापाकडून परत मिळवावा, हा हिशेबही त्यात होता. त्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत बापाने भरलेल्या पैशातील काही भाग मुलाच्या हाती न पडता सरकारी तिजोरीत जातो. थकबाकीचा हा सर्व पैसा मुलाच्या तोंडचा घास आहे असे गृहीत धरून चालणाऱ्या भाषणांत या गोष्टीचा उल्लेख सहसा आढळत नाही.

पुढे १९८८ च्या कायद्याने पगारातून परस्पर वजावट हा अपवाद न राहता नियम झाला. मालकाने पगार देतानाच पोटगीची रक्कम कापून शासनाच्या कचेरीकडे पाठवावयाची. या एका साध्या व्यवस्थेने जे साधले ते अन्य कोणत्याही दंडाने साधलेले नाही. अलीकडच्या वर्षांत या योजनेखाली दरसाल सुमारे तीस अब्ज डॉलर गोळा होतात आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम केवळ पगारातील वजावटीने येते. वजावटीलाही मर्यादा आहे. दुसरे कुटुंब पोसणाऱ्याच्या हाती येणाऱ्या पगारापैकी पन्नास टक्के, तसे कुटुंब नसल्यास साठ टक्के आणि जुनी थकबाकी असल्यास आणखी पाच टक्के, याहून अधिक कापता येत नाही. म्हणजे देणेकऱ्याने उद्याही कामावर यावे एवढे त्याच्याकडे शिल्लक ठेवण्याची काळजी त्या कायद्याने घेतली.

तथापि ज्याला मालकच नाही त्याच्या पगारातून कापणार काय? स्वतःचा धंदा करणारा, रोखीने मजुरी घेणारा आणि दर चार महिन्यांनी नोकरी बदलणारा माणूस या जाळ्यातून निसटतो. त्याला पकडण्यासाठी परवान्याची कल्पना पुढे आली. मेनसारख्या राज्याने ती आधीच अमलात आणली होती. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या समाजकल्याणविषयक कायद्याने ती सर्व राज्यांवर बंधनकारक केली. मोटार चालविण्याचे, व्यवसाय करण्याचे, इतकेच नव्हे तर शिकारीचे आणि मासेमारीचे परवानेही थकबाकीपोटी रोखण्याची तजवीज प्रत्येक राज्याकडे असलीच पाहिजे, असे त्याने फर्माविले. येथे त्या कायद्याचे शब्द बारकाईने पाहण्यासारखे आहेत. परवाना रोखणे, निलंबित करणे किंवा त्याच्या वापरावर बंधने घालणे, असे तीन मार्ग त्यात सांगितले आहेत आणि तेही योग्य त्या प्रकरणी. अर्थात कामापुरता परवाना ही काही मागाहून सुचलेली दयाबुद्धी नव्हे. ती वाट मूळ कायद्यातच मोकळी होती. अनेक राज्यांनी निलंबनाचा सोपा रस्ता धरला, कारण संगणकाच्या यादीवरून निलंबनाच्या नोटिसा धाडणे सोपे असते; माणसागणिक चौकशी करणे कष्टाचे असते.

मोटार ही चैन नव्हे

मुंबईत लोकलने आणि गावोगावी एस. टी. ने प्रवास करणाऱ्या वाचकाला परवाना जाण्याचे गांभीर्य सहजी जाणवणार नाही. ज्याच्या दारात मोटार आहे त्याची ती मोटार बंद पडली, तर त्याने चार दिवस गर्दीत उभे राहून जावे, फारसे बिघडणार नाही, असे आपल्याकडे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेची रचनाच निराळी आहे. न्यूयॉर्कसारखी मोजकी शहरे सोडली तर घर एकीकडे, कारखाना दुसरीकडे, दुकान तिसरीकडे आणि या तिन्हींना जोडणारी बस बहुधा नाहीच. करोनाच्या साथीपूर्वी, २०१९ मध्ये, त्या देशातील शंभरपैकी सुमारे पंच्याऐंशी कामगार मोटारीने कामावर जात होते. नोकरीच्या जाहिरातींतही वैध परवाना असण्याची अट पुष्कळदा घातलेली असते. माल पोचविणारा, रंगारी, नळ दुरुस्त करणारा, बांधकामावर जाणारा, रुग्णाच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारा, या सर्वांच्या दृष्टीने परवाना हा हातोडी किंवा करवत यांच्याच जातीचा आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला ही गोष्ट फार पूर्वीच पटली होती. १९७१ मध्ये ‘बेल विरुद्ध बर्सन’ या जॉर्जिया राज्यातील खटल्यात न्यायालयाने असा निर्णय दिला की, परवाना एकदा दिल्यानंतर तो उपजीविकेसाठी अत्यावश्यक ठरू शकतो. म्हणून योग्य त्या सुनावणीवाचून शासनाला तो काढून घेता येणार नाही. तो माणूस व्यवसायाने धर्मोपदेशक होता आणि त्याला खेड्यापाड्यांतून मोटारीनेच हिंडावे लागे. पोटगीच्या थकबाकीदारालाही नोटीस मिळते आणि हरकत घेण्याची संधी मिळते, हे खरे. परंतु नोटीस मिळणे निराळे आणि आपली ऐपत कोणी तपासून पाहणे निराळे.

दानत आणि ऐपत

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. कोणत्याही शिक्षेच्या धाकाने माणसाची इच्छा बदलता येते. त्याची ऐपत बदलता येत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे पण देण्याची दानत नाही, त्याच्या बाबतीत परवान्याचा धाक उत्तम काम करतो. उत्पन्न लपविणारा ठेकेदार किंवा कागदोपत्री सर्व मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करून ठेवणारा व्यावसायिक नोटीस हाती पडताच धनादेश लिहून मोकळा होतो. परवाना गेल्यास होणारे नुकसान थकलेल्या रकमेपेक्षा त्याला मोठे वाटते आणि पैसे भरणे त्याच्या हाती असते. या दोन अटी पुऱ्या होतात तेथे हा उपाय अमलात आणण्यास हरकत नाही. किंबहुना तो सोडून देणे हे मुलांवर अन्याय करणारे होईल.

दुसरा वर्ग ज्यांची दानत आहे, निदान ती नाही असे सिद्ध झालेले नाही, पण ऐपत नाही अशांचा. अमेरिकेतील राजकीय भाषणांनी या दोहोंना एकाच नावाने हाक मारली. दोघेही ‘बुडवे बाप’ ठरले. पण बुडवा निराळा आणि बुडालेला निराळा. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २००७ मध्ये नऊ मोठ्या राज्यांतील थकबाकीचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की, सुमारे सत्तर टक्के थकबाकी ज्यांचे नोंदलेले वार्षिक उत्पन्न दहा हजार डॉलर वा त्याहून कमी होते, किंवा ज्यांचे काहीच उत्पन्न नोंदलेले नव्हते, अशांच्या नावावर होती. यांतील काहीजण रोखीची कमाई लपवीत असतील, हे मान्य केले पाहिजे. तरीही देशभर साचलेल्या शंभर अब्ज डॉलरहून अधिक थकबाकीचा मोठा भाग ज्यांच्याकडून येणे आहे ते गरीब आहेत, हा निष्कर्ष टाळता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

ही थकबाकी फुगते कशी, हेही पाहिले पाहिजे. पालकाचे खरे उत्पन्न ठाऊक नसले की, तो पूर्ण वेळ काम करतो आहे असे मानून पोटगीची रक्कम ठरविण्याची प्रथा तेथे दीर्घकाळ रूढ होती. नोकरी सुटली तरी हुकूम चालूच राहतो. १९८६ च्या एका दुरुस्तीने एकदा देय झालेला हप्ता मागाहून कमी करण्याची न्यायालयाची मुभाही काढून घेतली. त्यामागील हेतू चांगला होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पळून जाऊन थकबाकी माफ करून घेणाऱ्यांना तिने आळा घातला. पण जो बेकार झाला आणि ज्याने रक्कम कमी करून घेण्याचा अर्ज वेळीच केला नाही, त्याच्या डोक्यावर हा बोजा कायमचा बसला. काही राज्ये त्यावर व्याजही आकारतात.

सुक्याबरोबर ओले कसे जळते याचे उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरातच आहे. ‘टर्नर विरुद्ध रॉजर्स’ या दक्षिण कॅरोलायना राज्यातील खटल्यातील बापाला आठवड्याला ५१ डॉलर ७३ सेंट भरण्याचा हुकूम होता. जानेवारी २००८ मध्ये त्याची थकबाकी ५,७२८ डॉलर ७६ सेंट झाली आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला बारा महिने तुरुंगात धाडण्यात आले. त्याची भरण्याची ऐपत आहे किंवा नाही, याविषयी खालच्या न्यायालयाने कोणताही निष्कर्ष नोंदविला नव्हता. शिक्षा भोगून तो बाहेर आल्यावर, २००९ च्या अखेरीस, थकबाकी १३,८१४ डॉलर ७२ सेंट झालेली होती. या वसुलीने मुलाला काय मिळाले? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती शिक्षा रद्द ठरविली आणि ऐपतीची चौकशी हाच अशा प्रकरणांतील निर्णायक प्रश्न असल्याचे सांगितले. कैदेला जे लागू ते परवान्याला का लागू नसावे? कैद माणसाला भिंतीआड ठेवते. परवान्याचे निलंबन त्याला भिंतीबाहेर ठेवूनही कामापासून दूर ठेवते. मग तो एकतर घरी बसतो किंवा परवान्याशिवाय गाडी काढतो. घरी बसला तर थकबाकी वाढते, गाडी काढून पकडला गेला तर दंड वाढतो आणि त्या दंडाचे पैसेही अखेर मुलाच्या वाट्यातूनच जातात.

कामापुरता परवाना

या दुष्टचक्राला छेद देण्याचा प्रयत्न म्हणून मर्यादित परवान्याकडे पाहावे लागते. इलिनॉय राज्याच्या कायद्यात त्याला ‘कौटुंबिक आर्थिक जबाबदारी परवाना’ अशा अर्थाचे नाव आहे. नव्वद दिवसांची थकबाकी झाली की परवाना जाण्याची पाळी येते. तेव्हा न्यायालय घर ते कामाचे ठिकाण, कामाच्या ओघात करावा लागणारा प्रवास आणि स्वतःचे वा घरातील माणसाचे औषधोपचार एवढ्यापुरती गाडी चालविण्याची मुभा देऊ शकते. दुसरे वाहतुकीचे साधन उपलब्ध नाही, हे मात्र अर्जदाराने दाखवून द्यावे लागते. मिनेसोटाच्या कायद्याने अशा मर्यादित परवान्याची मुदत नव्वद दिवस ठरविली आणि तो एकदाच मिळेल, असेही घालून दिले.

या व्यवस्थेतील तत्त्व बरोबर आहे. चैनीसाठी, सहलीसाठी आणि मित्रमंडळींकडे जाण्यासाठी गाडी वापरण्याचा हक्क गमावल्याने माणसाला शिक्षा जाणवते. पण कामाचा रस्ता मोकळा राहिल्याने वसुलीचा झराही आटत नाही. शिक्षा आणि वसुली यांचा असा मेळ पूर्ण निलंबनात नाही आणि पूर्ण माफीतही नाही.

पण व्यवहारात या परवान्याचे तीन दोष दिसतात. पहिला असा की, ज्याच्या हाती नोकरी आहे तोच कामावर जाण्याचा परवाना मागू शकतो. नोकरी शोधणाऱ्याला ती मिळेपर्यंत परवाना नाही आणि परवाना नाही म्हणून नोकरी मिळत नाही. जेथे हा परवाना हातच्या नोकरीशीच बांधलेला आहे, तेथे ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज तोच त्याला मुकतो. दुसरा दोष खर्चाचा आणि वेळेचा. अर्ज, सुनावणी, फी, मालकाचे पत्र, बुडालेली रोजंदारी हे सारे वकील ठेवू शकणाऱ्याला सोपे आणि ज्याच्यासाठी सवलत केली त्याला अवघड. साहजिकच ज्याची ऐपत आहे तो या पळवाटेचाही लाभ अधिक सहज घेतो.

तिसरा दोष हिशेबाच्या वहीत मावणारा नाही, पण तो सर्वांत खोल आहे. कामापुरत्या परवान्याच्या व्याख्येत मुलाला भेटायला जाणे बसत नाही. शनिवारी मुलाला शाळेच्या सामन्याला नेणे किंवा ते आजारी असताना आईच्या घरी जाऊन येणे हे काम नव्हे. म्हणजे शासन बापाला सांगते की, मुलासाठी पैसे मिळवायला तू गाडी चालवू शकतोस. मुलाला पाहायला मात्र नाही. ज्या नात्याच्या आधारे ही पोटगी मागितली जाते तेच नाते कायद्याने सैल करावे, यासारखी विसंगती शोधून सापडणार नाही. मुलाशी संबंध टिकून राहिला तर बापाची देण्याची इच्छाही टिकते, हे सांगायला कोणत्याही शास्त्राची गरज नाही.

आईची बाजू

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेत मुलांचा ताबा असलेल्या पालकांपैकी पाचांतील चार आया आहेत. या योजनेखाली एक कोटीहून अधिक मुले येतात. बापाच्या ऐपतीची चौकशी होईपर्यंत मुलाने उपाशी राहावे काय? आई बेकार झाली तर तिची भूक तिला कोणी मर्यादित करून देत नाही. तिला मुलाच्या ताटात काहीतरी वाढावेच लागते. घरभाडे थांबत नाही, शाळेची फी थांबत नाही. मग सर्व सहानुभूती थकबाकीदाराच्याच वाट्याला का? शिवाय कामापुरता परवाना मागेल त्याला मिळू लागला तर धाकच संपेल आणि प्रत्येक बुडवा बुडालेल्याचे सोंग आणील.

हा आक्षेप खरा आहे, पण तो पूर्ण निलंबनाचे समर्थन करीत नाही. आईला हवा आहे तो पैसा. बापाची फजिती नव्हे. बापाची नोकरी गेली तर तिच्या हाती काही पडत नाही. सोंग ओळखण्याचा मार्ग चौकशी हाच असतो, सरसकट शिक्षा हा नव्हे. कारण सरसकट शिक्षेत खरा सोंगाड्या दुसऱ्याच्या नावाची मोटार आणि पगारी चालक घेऊन आरामात हिंडतो. धाक टिकविण्याचाही उपाय आहे. मर्यादित परवाना देतानाच त्याला हप्त्याची अट जोडावी. जे मिळेल त्यातील ठरावीक हिस्सा दरमहा भरला तर परवाना चालू राहील, कमाई असूनही भरला नाही तर तो जाईल. असे केले म्हणजे परवाना हा कृपाप्रसाद न राहता सौदा होतो आणि सौद्यात दोन्ही पक्षांना काही गमावण्याची भीती असते. ज्याच्याजवळचे सर्व काही आधीच काढून घेतले आहे त्याला पुन्हा कशाचा धाक घालणार?

चौकशी आधी, शिक्षा मागून

क्रम उलटा करता येतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तेथेही २००० साली झालेल्या कायद्याने पोटगी बुडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत वाहन चालविण्यास अपात्र ठरविण्याची सोय केली. परंतु तसे करण्यापूर्वी न्यायालयाने त्या माणसाच्या समक्ष तीन गोष्टींची चौकशी केली पाहिजे, असे कायद्याने बजावले आहे : उपजीविकेसाठी त्याला परवान्याची गरज आहे काय, त्याची सांपत्तिक स्थिती काय आहे आणि त्याने हेतुपुरस्सर नकार दिला आहे किंवा दोषार्ह हयगय केली आहे काय. तेथे ही चौकशी शिक्षेच्या दारातच उभी आहे.

अमेरिकेतील काही राज्येही आता याच दिशेने वळत आहेत. न्यूयॉर्कने निर्वाहापुरतेही उत्पन्न नसलेल्यांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना निलंबनातून वगळले आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केलेला आणि २०२५ पासून अमलात आलेला कायदा आपल्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच मिळकत असलेल्या पालकांचे परवाने वाचवितो. संघराज्य शासनानेही २०१६ च्या डिसेंबरात नियम करून पोटगी ठरविताना पालकाची प्रत्यक्ष परिस्थिती विचारात घ्यावी असे राज्यांना सांगितले. या सर्वांचा अर्थ एकच : मर्यादित परवाना हा अर्ज करून मिळविण्याचा अपवाद न राहता गरीब थकबाकीदारासाठी पहिली पायरी व्हावा, त्यात कामाचा शोध आणि मुलाची भेट यांना जागा असावी आणि पूर्ण निलंबन हे बुद्ध्याच बुडविणाऱ्यासाठी राखून ठेवावे.

आपल्या कायद्यातील दोन धागे

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. आपल्याकडे पोटगी थकली म्हणून परवाना जात नाही. पण कैद होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आले आहे, पुरेशा कारणाशिवाय पोटगी न देणाऱ्यास वॉरंट काढून वसुली करण्याची आणि त्यानंतरही बाकी राहिल्यास थकलेल्या दरमहाच्या रकमेमागे एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद करते. तुरुंगात गेल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. ‘पुरेशा कारणाशिवाय’ या दोन शब्दांत दानत आणि ऐपत यांचा सारा भेद सामावलेला आहे. प्रश्न एवढाच की, धावपळीच्या न्यायालयात त्या शब्दांना किती वेळ मिळतो.

याच देशात दुसराही एक धागा आहे आणि तो महाराष्ट्राच्या मातीतला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो दख्खनभर पसरला. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक वा कैद करण्यास बंदी घातली. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम आजही कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची औते, निर्वाहास लागणारी जनावरे व बियाणे यांना जप्तीपासून संरक्षण देते. सावकाराचे देणे आणि मुलाची पोटगी यांची नैतिक पायरी एक नाही. मुलाचा हक्क कितीतरी वरचा आहे. पण कायद्यामागील अर्थशास्त्र दोन्ही ठिकाणी एकच आहे. ज्याचा नांगर विकला त्याच्याकडून पुढच्या सुगीला काही मागता येत नाही. अमेरिकेतील रंगाऱ्याचा परवाना आणि दख्खनच्या कुणब्याचा नांगर यांच्यात या दृष्टीने काही अंतर नाही.

२०२० च्या नोव्हेंबरात ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र प्रारंभीच दाखल करावे, असा दंडक घालून दिला. तो प्रामाणिकपणे पाळला गेला तर आपल्याकडे बुडवा आणि बुडालेला यांची निवड खटल्याच्या सुरुवातीलाच होऊ शकेल. बुडव्याने पैसा दडविला असेल तर तो बाहेर येईल. बुडालेल्याला झेपेल असा हप्ता ठरेल आणि आईला मोठ्या पण कागदी रकमेऐवजी लहान पण खरी रक्कम दरमहा मिळेल. त्यासाठी कौटुंबिक न्यायालयांना पुरेसे न्यायाधीश आणि पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. प्रतिज्ञापत्र म्हणजे आणखी एक कागद, अशी वृत्ती राहिली तर मात्र या दंडकाचाही उपयोग होणार नाही.

पोटगीचा कायदा मुलासाठी आहे. त्याचे यशापयश किती परवाने रद्द झाले आणि किती बाप तुरुंगात गेले यावरून मोजता येणार नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किती मुलांच्या घरी पैसे पोचले यावरूनच ते मोजावे लागेल. या मापाने पाहिले तर जो देऊ शकतो त्याच्यावर कठोर होणे आणि जो कमावू पाहतो त्याचा रस्ता मोकळा ठेवणे ही एकाच धोरणाची दोन अंगे ठरतात. कामापुरता परवाना हे त्या धोरणाचे लहानसे पण योग्य पाऊल आहे. शासनाने ते शिक्षा भोगून झाल्यावर न टाकता शिक्षेच्या आधी टाकले पाहिजे.